तुळजा टॉकीजचं मध्यंतर

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

आलो बाई एकदाचे! कराडची बस साडेसातला पोचली. सामानाचा टेंपो आमच्याआधीच दारात उभा होता. बस थांबायच्या आतच बाबा उठले आणि ‘चला, मल्लेश्वरमवाले उतरून घ्या’ म्हणून सगळ्यांना उठवायला लागले. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. बाकी पुष्कळ विसरलेत, पण ही सवय तेवढी शाबूत आहे. दोन प्रवासी खरंच उतरले आणि मग ड्रायव्हरनं आमच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

रोजनिशी लिहिणं हा काही माझा पिंड नव्हे. कराडच्या डॉक्टरांनी बजावलं म्हणून ही वही घेतली. बाबा कुणाला ओळखतात, कुठं गोंधळतात, ते रोज लिहायचं. तर पहिली नोंद: दामोदर आत्माराम पिसाळ, वय शहात्तर. आई गेल्याचं कधी आठवतं, कधी नाही. मला, म्हणजे आश्लेषाला, ते त्यांची वारलेली बहीण सोयरा समजतात. लहानपणी मी सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून ते मला ‘मास्तरीण’ म्हणायचे. ते नाव त्यांच्या तोंडून ऐकून चौदा महिने झाले. आता मी चुका काढायचाच पगार घेते. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दोन दिवस ऑफिस, बाकीचे दिवस घरून काम. बाबांना सांभाळायला हे बरं पडेल.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, भरपूर उजेडाचं. इमारतीचं नाव तुळजा एन्क्लेव्ह. मालक सुब्बाराव मोहिते वरच्या मजल्यावर राहतात. पंचाहत्तरीचे, ताठ, पांढरीशुभ्र लुंगी. किल्ली हातात द्यायच्या आधी त्यांनी त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथं कसे आले ते सांगितलं. बोलणं कानाला गोड लागतं. ‘स्वल्प बसा अक्का, लिफ्ट येतंय,’ अशा थाटाचं. बाकीच्या मालकांनी फोनवर मला लग्न झालंय का आणि मटण शिजवता का, एवढंच विचारलं होतं. यांनी विचारलं, घरात कुणी वडीलधारं आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, मग फारच छान. मी जन्माची संशयी, पण मलासुद्धा त्यांचं कौतुक वाटलं.

खाली लॉबीत जुन्या थिएटरातल्या चार खुर्च्या ओळीनं ठेवल्यात. लोखंडी पाय, लाल रेक्झिन, उठलं की बैठक आपोआप मिटणारी. समोर पांढरी भिंत. दोन हजार सातपर्यंत या जागेवर सुब्बारावांच्या वडिलांची तुळजा टॉकीज होती म्हणे. त्याची ही आठवण. सामान वर जात होतं आणि हमाल त्या खुर्च्यांवर खोकी टेकवायला लागले. बाबांना बसायला जागा राहावी म्हणून मी आपलं नेहमीचं केलं. त्यांच्या खिशातला निळ्या चौकटीचा रुमाल काढला आणि शेवटच्या, चौदा नंबरच्या खुर्चीवर टाकला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आमचं आयुष्य गेलं. हात आपोआपच जातो.

तेवढ्यात सुब्बारावांच्या थोरल्या बहीण तुंगाबाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. रुमालाकडे पाहून थबकल्या. कुणी ठेवला, कुणासाठी ठेवला, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, मीच ठेवला, वडिलांसाठी. त्यांनी भावाकडे पाहिलं. सुब्बाराव खाली बघून मिशीत हसत होते. आमच्या गावंढळपणाची गंमत वाटली असणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सामान बरंचसं लागलं. बाबा दोन्ही वेळा नीट जेवले. मला दिवसभर सोयराच म्हणत होते.

रुमाल मी लॉबीतच विसरले होते. आज दूध आणायला उतरले तर तो तसाच होता. दोन दिवसांत कुणी हातही लावला नाही. कराडात असता तर केव्हाच कुणाच्या तरी खिशात गेला असता. मात्र एक गोष्ट खटकली. तीन खुर्च्यांच्या बैठका मिटलेल्या आणि चौदा नंबरची उघडी. एवढ्याशा रुमालाच्या वजनानं? मी हातानं मिटून पाहिली. मिटेना. गंजली असेल. रुमाल उचलणार तोच लिफ्ट आली आणि हातात दुधाच्या पिशव्या होत्या, म्हणून राहून गेलं.

आणखी एक. दुपारी अडीच ते पावणेचार लिफ्ट कुणीच वापरत नाही. पहिल्यांदा वाटलं, वामकुक्षीची वेळ आहे. पण नाही, माणसं ये-जा करतात, फक्त मागच्या जिन्यानं. समोरच्या घरातली शिल्पाश्री नावाची मुलगी सायकल उचलून मागच्या जिन्यानं चढली. दोन मजले! पार्सलवाल्यांनाही वॉचमन फाटकावरच थांबवून ठेवतो. वॉचमनचं नाव गुंडो. तो पूर्वी टॉकीजचा डोअरकीपर होता. भर उन्हात कमरेला टॉर्च लावून हिंडतो. मी त्याला जिन्याचं विचारलं, तर त्यानं ऊट झालं का, म्हणून उलट मलाच विचारलं. जेवण झालं म्हणून सांगितलं आणि परत आले. कुठंतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी माझी मीटिंग चालू होती. पावणेतीनला बाहेर पाहिलं तर बाबा घरात नाहीत. धावत खाली गेले. लॉबीत चौदा नंबरच्या खुर्चीवर बसले होते, रुमाल मांडीवर नीट घडी करून ठेवलेला. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघून हसत होते. हाका मारल्या, हात धरून ओढलं, पण उठले नाहीत. पावणेचारला स्वतःहून उठले, रुमाल परत खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाले, आज गर्दी कमी होती.

त्यांच्या खिशात शेंगांची टरफलं सापडली. गरम होती. घरात शेंगा नाहीत आणि बाहेर ते गेलेले नाहीत. मी गुंडोला फैलावर घेतलं, की माझ्या वडिलांना काय खायला घालतोस. त्यानं कानावर हात ठेवले.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाबा रोज जातात. अडीच वाजले की पायात चपला.

पण खोटं का लिहू, त्यांच्यात फरक पडतोय. काल मकरंदचा, माझ्या धाकट्या भावाचा, पुण्याहून फोन आला तर त्यांनी आवाजावरून त्याला ओळखलं. आज कराड ते चिपळूण सगळे थांबे न चुकता सांगितले. डॉक्टर म्हणाले होते, उतार थांबला तरी नशीब समजा. इथं तर माणूस चढ चढतोय.

सुब्बारावांकडे चहाला गेले आणि टॉकीजचा विषय काढला. म्हणाले, शेवटचा शो रिकामाच होता, कुणी फिरकलं नाही, मग काय, दार लावलं आणि चावी बिल्डरला दिली. हीच गोष्ट गुंडोला विचारली तर तो म्हणाला, शेवटच्या मॅटिनीला बायकांच्या बाजूलासुद्धा जागा नव्हती. दोघांतला एक खोटं बोलतोय. सुब्बारावांच्या दिवाणखान्यात एका बाईचा फोटो आहे, कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. त्यांची बायको गोदूबाई. फोटोला हार नाही. वारल्या का, असं मी विचारल्यावर ते चटकन म्हणाले, नाही नाही, बाहेर गेलीय. घरात दोनच ताटांच्या खुणा होत्या, बहीणभावाच्या. तुंगाबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आता मी माझ्या धंद्यावर आले. तपासायचं तर पुराव्यानं तपासायचं. अडीचला मोबाईल लॉबीतल्या टपालपेटीवर टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्वतः जिन्यात उभी राहिले. बाबा बसलेले मला डोळ्यांनी दिसत होते. एकदा त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून काहीतरी सांगितलं आणि मान हलवली.

वर येऊन पाहिलं. एक तास सोळा मिनिटांचं चित्रीकरण आहे. लॉबी आहे, भिंत आहे, चार खुर्च्या आहेत. चारी मिटलेल्या. बाबा नाहीत.

तीनदा पाहिलं. वेळ जुळवली, मोबाईल तपासला. पावणेचारला चौदा नंबरची बैठक उघडते आणि बाबा तिथून उठताना दिसतात. त्याआधी ते कुठंच नाहीत. मला भीती वाटतेय, सरळ लिहिते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज बाहेरून कुलूप घातलं आणि चावी मुठीत धरून दारातच बसले. अडीच वाजून गेले. आत शांत. जिंकले असं वाटलं.

खालून हसण्याचा आवाज आला. बाबांचा.

कुलूप तसंच होतं. दार उघडलं, घर रिकामं. खाली लॉबीत ते त्यांच्या खुर्चीवर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज वर आल्यावर म्हणाले, पहिली घंटा झाली. कसली, म्हटलं. मध्यंतराची, म्हणाले. तीन घंटा होतात, तिसरीला दारं लावतात आणि पुढचा सिनेमा सुरू. हल्ली सारखं मध्यंतरच चाललंय, लोक कंटाळलेत बिचारे. किती लोक, असं मी विचारलं. अठरा, म्हणाले, आणि मी एकोणिसावा. शेजारी एक बाई बसतात, हातभर हिरव्या बांगड्या, फार चांगल्या आहेत, दाणे देतात.

फोटोतल्या गोदूबाई! आजच सगळं सामान बांधायचं आणि कराडची बस धरायची, असं ठरवून मी बॅग काढली. बाबा दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत म्हणाले, काय गं मास्तरीण, आल्याआल्या निघालीस कुठं?

मी बॅगेवरच बसले आणि रडले. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि काय झालं, कोण बोललं तुला, असं विचारत होते. चौदा महिन्यांनी मला माझं नाव मिळालं. बॅग परत कपाटावर ठेवली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. सुब्बाराव सकाळीच समाजाच्या कार्यक्रमाला गेले. ते गेल्यावर दहा मिनिटांत तुंगाबाई माझ्या दारात. आत आल्या, कडी लावली, पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, अण्णा यायच्या आत सांगते. त्या सुब्बारावांपेक्षा मोठ्या, पण लहानपणापासून त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांनी सांगितलं ते इथं उतरवते.

शेवटच्या दिवशी टॉकीज भरलेली होती, गुंडोचं खरं. मॅटिनी संपल्यावर कायमचं बंद करायचं ठरलं होतं. पण बिल्डरची माणसं मशीन घेऊन मध्यंतरातच आली. सुब्बारावांना घाई. त्यांनी वीज तोडायला लावली, आतल्यांना बाहेर काढलं आणि दारं बंद केली. त्यावेळी एकोणीस माणसं चहा-दाण्यांसाठी आधीच बाहेर होती. खुर्चीवर रुमाल ठेवून गेलेली. तुळजा टॉकीजचा पहिल्यापासून कायदा होता, रुमाल ठेवला म्हणजे माणूस बसला. त्याच्यावर दार लावायचं नाही. गुंडो पाया पडला. सुब्बाराव म्हणाले, अर्ध्या सिनेमासाठी कोण रडतंय.

इमारत झाली. वर्षभरानं पहिला माणूस आला. अडीच वाजता. मध्यंतर संपलं का, असं गुंडोला विचारलं आणि लॉबीतल्या खुर्चीवर बसला. पंधरा-वीस दिवस येत राहिला, मग दिसलाच नाही. ना इथं, ना त्याच्या घरी. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्या गोदूबाई. त्या दिवशी त्याही बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, त्यांचाही रुमाल आत राहिला होता. असे अठरा झाले. एकोणिसावा, चौदा नंबरचा, यायच्या आधीच गाडीखाली सापडून मेला. तेव्हापासून तिथं एक माणूस कमी आहे. ती खुर्ची भरल्याशिवाय तिसरी घंटा होत नाही, सिनेमा पुढं सरकत नाही आणि कुणाला उठता येत नाही. गोदूबाई तेरा वर्षं मध्यंतरात बसून आहेत. सुब्बाराव दुपारी भिंतीला कान लावतात तेव्हा त्यांना बांगड्या ऐकू येतात.

सिनेमा संपला की ते सगळे सुटतील का, असं मी विचारलं. तुंगाबाई म्हणाल्या, अण्णाला तसं वाटतं. कुठं सुटतील, ते देवाला ठाऊक.

जागा आपल्याच माणसानं धरावी लागते. दुसऱ्यासाठी परक्यानं रुमाल टाकून चालत नाही. इथल्या लोकांना सगळं माहीत, त्या खुर्चीवर कुणी टाचणी ठेवत नाही. म्हणून सुब्बाराव बाहेरगावचं कुटुंब शोधत होते, घरात म्हातारं माणूस असलेलं. आणि त्या दिवशी मी बोलावल्यासारखी आले आणि न सांगता रुमाल टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

उपाय सोपा आहे. ज्यानं ठेवला त्यानं उचलायचा. दुसऱ्या घंटेच्या आत उचलला तर विषय संपला. दुसरी घंटा झाली की मात्र ती जागा रिकामी ठेवता येत नाही. मग जो उचलेल त्यानं तिथं बसायचं.

बाबांना आता सगळं आठवायला लागलंय, त्याचं काय होईल, असं मी विचारलं. तुंगाबाईंनी माझा हात धरला. तिकडून आलेलं तिकडंच राहतं, म्हणाल्या.

उद्या सकाळी पहिलं काम, रुमाल उचलायचा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी उठले तर बाबांनी चहा केला होता. गवती चहा घातलेला, आई करायची तसा. समोर बसून आईबद्दल बोलत राहिले. पाटण गाडीत ती पहिल्यांदा चढली तेव्हा तिच्याकडे सुट्टे नव्हते आणि बाबा उगाचच चिडले होते, मग आठवडाभर ती मुद्दाम नोट देत राहिली. हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. आई जाताना काय म्हणाली तेही सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही.

उचलायला खाली गेले होते. हातात धरलासुद्धा. मग वाटलं, अजून एक दिवस. पहिली घंटा सोमवारी झाली, दुसरी काही लगेच होत नाही. फक्त एक सकाळ अजून.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. पावणेसहाला परत आले, दोन तास उशिरा. अंगाला विडीचा वास.

उद्या नक्की. उद्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुसरी घंटा झाली.

साडेसातला परत आले. हसत होते. मी विचारायच्या आधीच सांगितलं.

मी हावरट. एका सकाळीसाठी मी — माझ्याच बापाला — लिहवत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

पळायचं ठरवलं. बाराची सांगितलेली टॅक्सी दोनला आली. बाबा मागच्या सीटवर माझ्या शेजारी, मी त्यांचा हात घट्ट धरलेला. यशवंतपूरच्या सिग्नलला घड्याळ पाहिलं, अडीच. हातात नुसती हवा. ड्रायव्हर मलाच विचारायला लागला, मॅडम, तुम्ही तर एकट्याच बसला होतात ना?

परत आले. बाबा लॉबीत. खुर्चीवर. रात्री जेवताना त्यांच्या हातामागचं ताट मला दिसत होतं. हातातून.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सुब्बारावांना गाठलं. मी ओरडले, शिव्या दिल्या. त्यांनी काहीच नाकारलं नाही. माझ्या पायाशी बसले. म्हणाले, अक्का, मी दार लावलं तेव्हा तिचा रुमाल आतच होता, मी तिला एकदाही विचारलं नाही. एकदा तिला बाहेर येऊ दे. मग मला काय हवं ते करा.

मला दया आली नाही. येतेय असं वाटलं तसा मी दरवाजा आपटला.

गुंडो सांगून गेला. तिसरी घंटा उद्या. बाबांनीही तेच सांगितलं, वर हेही की शेवट काय आहे ते आल्यावर सांगतो.

मकरंदला फोन केला. खरं काय ते सांगितलं नाही. फक्त ये म्हटलं, बाबांना घेऊन जायला ये. उद्या चारपर्यंत पोचतो म्हणाला. तू का नाही सांभाळत, असं विचारत होता. मी फोन ठेवला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दुपारचा एक.

बाबांच्या गोळ्या पिशवीत. सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी. पत्ता आणि मकरंदचा नंबर त्यांच्या शर्टाच्या खिशाला टाचलाय. तुंगाबाई त्यांना मकरंद येईपर्यंत जवळ बसवून घेतील. शपथ घेतलीय.

सकाळी मला मास्तरीण म्हणाले. तीनदा. मोजलं मी.

अडीचला दहा.

खाली. बाबा खुर्चीवर. भिंत अजून भिंतच आहे. जिन्यात सुब्बाराव. बघतोय. बघू दे.

मी रुमाल उचलला. बाबा उठले. मी बसले —

भिंत नाही.

मोठं आहे. दिवे चालू आहेत. लाल खुर्च्या, किती तरी, आणि मधूनमधून माणसं. मान वळवून माझ्याकडे बघतायत. चिडलेली नाहीत. कंटाळलेली. शेजारी बांगड्या. त्या माझ्या हातात दाणे ठेवतायत. गरम आहेत. मी उठायचा प्रयत्न केला, पाय —

गुंडो दाराशी. टॉर्च. बाबांना बोलावतोय. जा ना बाबा, जा. ही वही त्यांच्या हाती द्यायचीय, मकरंदसाठी, म्हणून लिहितेय भराभर.

ते थांबले. रांगेच्या टोकाशी. परत आले. माझ्याकडे बघतायत, पण तसं नाही, गाडीत नव्या प्रवाशाकडे बघायचे तसं. म्हणाले, बाई, एकट्याच आलात का? सोबत कुणी नाही?

मी म्हटलं, वडील आहेत. बाहेर असतील.

म्हणाले, नाव सांगा, दिसले तर कळवतो तुमची मुलगी आत बसलीय म्हणून.

मी सांगितलं. दामोदर आत्माराम पिसाळ.

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. असं कुणी आठवत नाही म्हणाले, पण शोधतो, तुम्ही काळजी करू —

घंटा

दिवे जातायत बाबा वही घ्या, वही धरा आधी, बाबा —